सव्वा महिना आणि आठ वर्षं

सासऱ्यांची साखर मोजायचं मशीन आमच्याकडे फ्रिजवर असतं, चाव्यांच्या वाटीशेजारी. २०२३ ची संक्रांत रविवारी आली होती. पाच घरची हळदीकुंकवं आटोपून, पिशवीत वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या घेऊन मी संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा लेक आजोबांचं बोट टोचायचं काम मोठ्या तोऱ्यात करत होती. वय वर्षं आठ. आजोबांची १६४ निघाली. "आता आई, तू." मी खांद्यावरची पर्सही न उतरवता बोट पुढे केलं.

२८६.

सासरे म्हणाले, "मशीन बिघडलं." नवऱ्याने चष्मा शोधला. लेकीने माझं बोट दाबून बघितलं आणि म्हणाली, "ई, केवढं चिकट आहे." पाच घरचा तिळगूळ होता तो. हात साबणाने धुतले, कोरडे केले, दुसरी पट्टी लावली. १७८. बोटावरची साखर मशीनला रक्तातलीच वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. शंभराहून जास्त आकडा नळाखाली वाहून गेला, त्यामुळे घरात सगळ्यांना हायसं वाटलं. "एवढं गोड खाल्ल्यावर कोणाचीही वाढेल," असा निकाल लागून सगळे जेवायला बसले.

मलाही तसंच वाटलं असतं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर १७२ हा आकडा आठवला. मी पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते, आकडे डोक्यात राहतात. हा आठ वर्षांपूर्वीचा होता.

२०१४ चा ऑगस्ट. मला सव्विसावा आठवडा चालू होता. मिरजेच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेले तर सिस्टरने हातात ग्लुकोजच्या पाण्याचा मोठा ग्लास दिला. मी म्हटलं, मी तर नाश्ता करून आलेय. ती म्हणाली, चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज, पोटात काही असो नसो, दोन तासांनी रक्त. गरोदर बाई सांगलीहून, तासगावहून, जतहून उपाशीपोटी कशी येणार, आणि एकदा परत गेली की पुन्हा येईलच याचा काय भरवसा, म्हणून ही सोपी पद्धत. चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी ती आपल्याकडे रुजवली. दोन तासांनंतर १४० किंवा वर आली तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. माझी १७२ आली.

मी तेव्हा २९ वर्षांची, अंगाने काडी. गरोदर राहिले तेव्हा वजन ५१ किलो होतं. माहेरी वडिलांना शुगर होती, पण ती त्यांच्या पन्नाशीनंतर. "तुला कशी होईल शुगर, तू तर गोड खातही नाहीस," हे मला इतक्या जणांनी ऐकवलं की मीच कुठेतरी चोरून पेढे खाल्ले असावेत असं वाटायला लागलं. दोन आठवड्यांनी डोहाळजेवण होतं. झाडाच्या फांद्या बांधून झोपाळा सजवलेला, ताटात पाच तऱ्हेची पक्वान्नं, आणि मी काकडीच्या चकत्या चघळत बसलेली. पालथ्या वाटीखाली बर्फी निघाली. ती नवऱ्याने खाल्ली.

खाण्याच्या पथ्याने दुपारची साखर आटोक्यात आली, सकाळची उपाशीपोटीची येईना. ती ९५ च्या आत हवी होती, माझी १०४, १०८ अशीच यायची. मग रात्री झोपताना सहा युनिट इन्सुलिन, पुढे दहा. मांडीत टोचायचं. पहिल्या दिवशी सुई हातात धरून मी अर्धा तास बसले होते. पंधरा दिवसांनी टीव्ही बघताबघता टोचायला लागले.

नोव्हेंबरात लेक झाली, ३ किलो ३०० ग्रॅम. आईच्या वाढलेल्या साखरेची सवय झालेलं बाळ बाहेर आल्यावरही जादा इन्सुलिन करत राहतं आणि त्याची साखर एकदम उतरू शकते, म्हणून तिच्या इवल्या टाचेला दर काही तासांनी टोचलं. ती रडली की मी रडायचे. तिची साखर ठीक होती. माझीही. वार पडली त्या रात्रीच इन्सुलिन बंद केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने बोट टोचलं आणि हसून म्हणाली, "९२. झालं, गेली तुमची शुगर."

तिचं खोटं नव्हतं. त्या सकाळी गेलीच होती.

मग तासगाव, माहेर. बाळंतिणीची खोली, शेगडी, शेपांचा धूर. आईने दोन डबे भरून डिंकाचे लाडू केले होते, त्यात तासगावचा बेदाणा मूठमूठ. सकाळी अळिवाची खीर, मध्ये शिरा, चारला लाडू, रात्री तुपातला भात. मी एकदा म्हटलं, "आई, मला शुगर होती ना गं." आई म्हणाली, "होती ना? आता न्हाई ना? मग खा. अंगावर पाजतीयास तू." तीन महिने काकडी चघळलेल्या बाईला याहून गोड आज्ञा कोणती? मी खाल्लं. आईला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्या हातात डिस्चार्ज कार्ड नव्हतं. माझ्या हातात होतं.

त्या कार्डावर काय लिहिलं होतं ते मी आठ वर्षांनी वाचलं. ते पुढे सांगते.

लेकीला दीड महिना झाला तेव्हा आम्ही तिला लस द्यायला घेऊन गेलो. कुंचीत गुंडाळून, काजळाची तीट लावून, मागे-पुढे दोन माणसं. कार्डावर तारीख पडली, पुढची तारीख पेन्सिलीने लिहून मिळाली. त्याच आठवड्यात माझी एक तपासणी व्हायची होती, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मिरजेचा दवाखाना तीसेक किलोमीटर लांब, तिथलं माझं काम संपलेलं. सांगलीच्या सासरी मी अजून गेले नव्हते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना कोणाच्याच वहीत नसते, आणि ही तपासणी नेमकी तिथेच येऊन पडते.

पुढची वर्षं भराभर गेली. लेक रांगली, चालली, शाळेत गेली. २०१९ मध्ये आमच्या पतसंस्थेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. माझी उपाशीपोटीची १०६ आली. त्या लॅबच्या कागदावर शेजारी ७० ते ११० असं छापलेलं, त्यामुळे माझ्या आकड्यापुढे चांदणी नव्हती. चांदणी नाही म्हणजे सगळं ठीक, कागद ड्रॉवरमध्ये. शंभराच्या पुढे गेली की लक्ष द्या, असं हल्ली बरेच डॉक्टर सांगतात. माझा तो कागद तसा सांगत नव्हता, आणि माझ्या बाळंतपणाचं त्या कागदाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तर संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मी सांगलीतल्या एका फिजिशियनबाईंकडे गेले. वजन ६१, उंची ५ फूट १ इंच. त्यांनी टेप काढून कंबर मोजली, ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची ८० च्या आत हवी म्हणाल्या. मग घरात कोणाला, वगैरे विचारून झाल्यावर पेन थांबवून म्हणाल्या, "बाळंतपणात होती का?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी हो म्हटलं. "इन्सुलिन लागलं?" हो. "नंतर तपासलं?" मी काहीतरी पुटपुटले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीनवर जाऊ नका, आणि नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवरही नको. ग्लुकोज पिऊन करू." या वेळी मात्र रीतसर, रात्रीचं जेवण आठला उरकून, सकाळी उपाशी. ज्यांनी ही तपासणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, यात अवघड काही नाही, कंटाळा आहे. सकाळी साडेसातला पहिलं रक्त. करड्या टोपणाची नळी, तिच्यात साखर टिकावी म्हणून पूड असते, नाहीतर नळीतल्या रक्तपेशीच साखर खाऊन टाकतात. मग ग्लासभर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज. लॅबवाल्या पोराने लिंबाची फोड पुढे केली आणि म्हणाला, "ताई, एका दमात नको, पण पाच मिनिटांत संपवा." पहिले दोन घोट बरे लागतात. अर्ध्यानंतर घसा आखडतो. ओकलात तर सगळं दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून, ही धमकीही त्याने प्रेमाने दिली. दोन तास तिथेच बसायचं. चहा नाही, फिरणं नाही. समोरच्या बाकावर एक आजोबा लघवीची बाटली रुमालात झाकून बसले होते, भिंतीवर गणपती, त्याच्या खाली दरपत्रक. मी ते दरपत्रक चार वेळा वाचलं. साडेनऊला दुसरं रक्त.

उपाशीपोटी ११२. दोन तासांनी १८६. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ६.३.

मधुमेह धरायला उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० लागतात, सरासरी ६.५. मी तिन्ही ठिकाणी उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते, एक पाय उचललेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेली म्हणून सांगितलं होतं ना? गाडी आंबा घाटात तापते. वर आल्यावर काटा उतरतो. म्हणून इंजिन नवं झालं का?" मग त्यांनी नीट समजावलं. गर्भारपणात वारेतून जी हार्मोन्स सुटतात त्यांच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. बाळाला साखर पोचावी म्हणून निसर्गाची ही सोय. त्याची भरपाई करायला आईच्या स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन करावं लागतं. बहुतेकींचं करतं. काहींचं पुरं पडत नाही, त्यांची साखर चढते. वार पडली की भार उतरतो आणि साखर जागेवर येते, पण स्वादुपिंड तेवढ्याच कुवतीचं राहतं. पुढे वय वाढतं, कंबर वाढते, आणि तोच घाट परत येतो, या वेळी वर न पोचणारा. ज्यांना गर्भारपणात इन्सुलिन लागलं आणि ज्यांची उपाशीपोटीची साखर चढलेली होती, त्यांना हे लवकर गाठतं. म्हणजे मला.

मला आमच्या धंद्यातलंच आठवलं. कर्ज फिटलं, दाखला मिळाला, गहाणखत सुटलं, तरी सिबिलला इतिहास राहतो. फरक एवढाच, की तिथे पुढचा सावकार तो इतिहास बघितल्याशिवाय पै देत नाही. इथे कोणी बघतच नाही.

डॉक्टरबाईंना तेव्हाचे आकडे हवे होते म्हणून मी मिरजेला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, २०१४ ची फाइल आता मिळणार नाही. त्याचंही बरोबर आहे, नियमाने फाइल तीन वर्षं ठेवायची असते. मग घरातली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात लेकीच्या पावलांचा शाईचा ठसा, नाळेला लावायचा चिमटा (तो का ठेवला होता देव जाणे), लसीचं कार्ड आणि माझं डिस्चार्ज कार्ड. लसीच्या कार्डाचा चौकोन न् चौकोन भरलेला, प्रत्येक ठिकाणी तारीख, सही. माझ्या कार्डावर लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, टाक्यांना लावायचं मलम, आणि सगळ्यात खाली, डॉक्टरी लिपीत, "सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज तपासणी". ओळ वाचायला मला भिंगाची गरज नव्हती. वाचायची गरजच तेव्हा वाटली नव्हती. दवाखान्याने लिहिलं होतं, बोललं कोणी नव्हतं. निदान मला आठवत नाही.

नंतर काही महिने मी रात्री मोबाइलवर या विषयाचं मिळेल ते वाचत राहिले. नवरा म्हणायचा, झोप आता, वाचून साखर उतरत नाही. पण एक गोष्ट वाचून मी खरोखर उठून बसले होते. गर्भारपणातल्या मधुमेहाचे पहिले निकष १९६४ साली बोस्टनमध्ये जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर महॅन यांनी बांधले. ७५२ गरोदर बायकांच्या ग्लुकोज तपासणीचे आकडे त्यांनी घेतले होते. आणि मर्यादा कशावर ठरवली? बाळाचं वजन, बाळंतपणातला त्रास, यावर नाही. यापैकी कोणत्या बायकांना पुढे आयुष्यात मधुमेह होतो, यावर! म्हणजे या तपासणीचा जन्मच मुळी आईचा पुढचा काळ ओळखण्यासाठी झालेला. बाळाचा विचार नंतर आला, आणि तो यायलाच हवा होता. पण बाळ हातात आल्यावर आई त्यातून सुटली ती सुटलीच.

धोका किती, याचेही आकडे आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली वीस अभ्यासांचा एकत्र हिशेब आला, पावणेसात लाखांहून जास्त बायकांचा. गर्भारपणात शुगर झालेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर आयांच्या सातपटीहून जास्त. २०२० मध्ये 'बीएमजे'त तसाच हिशेब तेरा लाखांहून जास्त बायकांचा आला, तेव्हा पट जवळजवळ दहावर गेली. हे वाचून मी घाबरले, खोटं कशाला सांगू. धोका पटीत सांगितला की माणूस आपल्या घरावर वीज पडल्यासारखं वाचतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पट बघू नका. तपासणीची तारीख बघा. सगळ्यांना होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांना एका रात्रीत होत नाही."

आणि माझं ते काडीपण? त्याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं १९९३ पासून अभ्यासली. आपली बाळं वजनाला हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली, हे त्यांनी दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. तो फोटो मी सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हाडं दिसतात ती नुसती वरून." यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

मला खरा धीर दिला तो मात्र एका अमेरिकन अभ्यासाने. मधुमेह रोखता येतो का हे बघणाऱ्या त्या मोठ्या प्रयोगात गर्भारपणात शुगर होऊन गेलेल्या ३५० बायका होत्या. त्यांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं उलटली होती. चालणं आणि वजन उतरवणं असो की मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी, दोन्हींनी त्यांचा धोका तीन वर्षांत साधारण निम्म्यावर आला. मी आठ वर्षं उशिरा पोचले होते, त्या बारा. एवढा एक आकडा मी डायरीत लिहून ठेवला.

मग सुरू झालं ते रोजचं. पहिला भ्रम भाकरीचा फुटला. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी हात धुऊन (आता कायम हात धुऊन) मोजलं. दोन भाकऱ्या आणि पिठलं खाऊन दोन तासांनी १८३. एक भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ आणि काकडी खाऊन १४६. भाकरी चांगलीच आहे, पण दोन खाल्ल्या की ती पिठासारखीच वागते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, २१४. उपवास त्या दिवसापासून बंद. सासूबाईंनी विठोबाला माझ्या वतीने परस्पर कळवलं. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं लेकीबरोबर गल्लीतून फेऱ्या, रविवारी आमराईत. वीस मिनिटांच्या फेरीने आकडा किती उतरतो हे मशीनवर बघितलं, म्हणून ती फेरी टिकली. नाहीतर माझ्या निश्चयाचं आयुष्य साधारण आठवडाभराचं असतं.

सहा महिन्यांत वजन ५७ वर आलं. पुन्हा तोच ग्लास, तीच लिंबाची फोड. उपाशीपोटी १०३, दोन तासांनी १५१. लॅबच्या पोराने कागद देताना, "ताई, भारी," म्हटलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. २०२४ च्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, दवाखान्याचे डबे, रात्रीची जागरणं. फेऱ्या बंद, जेवण दहा वाजता उभ्याने, वडापावही. डिसेंबरात दोन तासांनंतरची १८९. सुरुवात केली होती त्याच्याही वर. मी डॉक्टरबाईंसमोर रडले. आपल्याकडचाही एक अभ्यास मी वाचला होता, २०२२ चा. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या, गर्भारपणात शुगर झालेल्या १,६०१ बायका. निम्म्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. साधारण चौदा महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास बायकांची साखर बिघडलेलीच. फरक जवळजवळ नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. त्या डिसेंबरात पटलं. तान्हं मूल, नाहीतर म्हातारं माणूस पदरात असलेल्या बाईला चार बैठका घेऊन चालायला सांगणं सोपं आहे. ती चालत असताना पोळ्या कोण लाटणार ते कोणी सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी मेटफॉर्मिन सुरू केलं, ५०० ची एक, जेवल्यावर. पहिले दहा दिवस पोटात असा काही गुडगुडाट, की काउंटरवरून मला तीनदा उठावं लागलं आणि बाहेर पेन्शनरांची रांग. मग सावरलं. आता दोन चालू आहेत. वर्षातून एकदा बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व बघतो, या गोळीने ते उतरतं आणि आम्ही शाकाहारी. घरात पोळ्या आता नवरा लाटतो. नकाशे लाटतो, पण लाटतो. गेल्या खेपेचे माझे आकडे १०१ आणि १४४. दर वर्षी ग्लास प्यायचा, जन्मभर. लेकीला चौदा महिने अंगावर पाजलं, त्याचाही उपयोग झाला असेल म्हणाल्या. पाजणाऱ्या आयांना पुढे मधुमेह कमी होतो असं अभ्यासांत दिसलंय. त्या वर्षात मी न कळता केलेली तेवढी एक चांगली गोष्ट.

गेल्या वर्षी धाकट्या नणंदेला सातव्या महिन्यात १६१ निघाली. ती इचलकरंजीत दिलेली, पण पहिलं बाळंतपण म्हणून आमच्याकडे आली. मुलगा झाला. पाचव्या दिवशी तिची उपाशीपोटीची ८९, आणि दवाखान्यातून बाहेर पडताना तीच वाक्यं, तोच आनंद, "वहिनी, गेली शुगर." मी तिच्या हातातून डिस्चार्ज कार्ड घेतलं आणि शेवटची ओळ शोधली. या वेळी सुवाच्य होती.

बाळाची पेंटाची पहिली लस दीड महिन्याला होती. मी म्हटलं, त्याच सकाळी तुझंही उरकू. सासूबाई वॉकर टेकत बाहेर आल्या. "ओली बाळंतीण उपाशी ठेवणार? दूध आटेल." नणंद माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आई, रात्री आठला जेवेल, सकाळी साडेसातला रक्त. एवढ्याने आटत नाही. पाणी पिऊ दे हवं तेवढं. आणि लॅबमध्ये जायच्या आधी बाळाला पाजून घेईल." सासूबाई म्हणाल्या, "तुमचं काय ते तुम्ही बघा," आणि रात्री स्वतःच तिच्या ताटात जास्तीची उसळ वाढली.

लॅबवाला पोरगा आता मोठा झालाय, मिशी ठेवलीय. मला बघून ग्लास काढायला लागला, मी म्हटलं, आज माझा नाही. नणंद अर्ध्या ग्लासाला थांबली, डोळे मिटले, लिंबू चोखलं, संपवला. पहिला तास बाळ झोपलं. दुसऱ्या तासात उठलं तर तिने तिथेच बाकावर पदराआड पाजलं, समोरच्या काकांनी तोंड फिरवून दरपत्रक वाचायला घेतलं. दुसरं रक्त झालं, तिला रिक्षात बसवून राजगिऱ्याची वडी दिली, आणि तिथून सरळ लसीला. बाळ रडलं. नणंदही.

संध्याकाळी कागद आला. उपाशीपोटी ८८, दोन तासांनी १३१. अगदी सरळ.

"म्हणजे आता खरंच गेली ना, वहिनी?"

मी बाळाचं लसीचं कार्ड मागितलं. अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना, दीड वर्ष, सगळे चौकोन रिकामे होते. नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीनंतर आणि दीड वर्षाच्या डोसाच्या आधी थोडी जागा होती. तिथे पेनने लिहिलं, "आईची साखर, ग्लुकोज पिऊन", आणि पुढे पुढच्या वर्षाची तारीख. नणंदेने वाचलं. म्हणाली, "हे तर त्याचं कार्ड आहे."

"हो," मी म्हटलं, "हे हरवणार नाही."